व्यवसाय : सुतार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात १९ फेब्रुवारी २०२६ रोजी एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. अनेकांच्या आग्रहावरून ते जसेच्या तसे येथे देत आहोत. – संपादक मंडळ)

मागं खुर्च्यांवर उभी राहिलेली पोरं हो – आधी खाली उतरा, पडाल.

मला कमिटीनं सांगितलं होतं की काका, तुम्ही पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. टँकरच्या आठवणी, चिखलाच्या आठवणी, लाईट नव्हती तेव्हाच्या आठवणी. त्या माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी सांगितल्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगितल्या. तेव्हा मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. हा माणूस आपल्या सोसायटीत कधी राहिला नाही. पण आपल्या गेटसमोरच्या रस्त्याशी त्याचा संबंध आहे आणि माझ्या एका चुकीशीही आहे. पंधरा-वीस मिनिटं घेईन. जेवण थंड होणार नाही, आचाऱ्याला विचारून आलोय.

आज १९ फेब्रुवारी. सकाळी आपण शिवजयंती साजरी केली. याच तारखेला, १९२५ साली, धुळ्याजवळच्या गोंदूर नावाच्या खेड्यात एका सुताराच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव राम. राम वनजी सुतार. गेल्या डिसेंबरात, नोएडाच्या राहत्या घरी, ते गेले. शंभर वर्षं पूर्ण करून गेले. पेपरात पहिल्या पानावर बातमी होती, टीव्हीवर होती. केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारा शिल्पकार, अशी त्यांची ओळख सगळ्यांना आहे. माझ्या मनात ती बातमी वाचून वेगळंच काही आलं. ते सांगण्यासाठी आधी पंचवीस वर्षं मागं जावं लागेल.

२००१ साली आपली संस्था नोंदवायची होती. सगळ्यांकडून सभासदत्वाचे अर्ज भरून घेतले. नाव, वय, पत्ता, वारसदार. आणि एक रकाना – व्यवसाय. आम्ही पाच-सहा जण एका टेबलाभोवती बसून अर्ज भरत होतो. शेजारी कोण होतं? बँकेतले साहेब होते, प्राध्यापक होते, एक वकील होते. मी त्या रकान्यात लिहिलं, 'नोकरी'. आता खोटं लिहिलं असं नाही. नोकरी होतीच, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात. पण काम काय होतं? पॅटर्नमेकर. ओतकामासाठी लाकडाचे साचे घडवणारा. साध्या मराठीत सांगायचं तर सुतार. आयटीआयला तो ट्रेड केला, कारण आमच्या अप्पांकडून लाकूड हातात आलंच होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. गंगापूर तालुक्यातल्या एका लहान गावचे सुतार. बलुतेदारीतले. नांगर, वखर, तिफण, बैलगाडीची चाकं. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, तीच वर्षाची कमाई.

तर मी 'नोकरी' लिहिलं. पेन थांबलं होतं हे मला आजही आठवतं. आणि गेल्या डिसेंबरात पेपर उघडला, तर तिथं एका माणसाचं आडनावच 'सुतार', त्यानं ते शंभर वर्षं मिरवलेलं, दोन पद्म पुरस्कारांच्या पुढं लावलेलं. मला माझा तो रकाना आठवला.

आता त्यांची गोष्ट ऐका.

गोंदूरचं घर गरीब. वडील वनजी गावाची सुतारकामं करायचे. ज्याच्या घरी वाकस, रंधा, पटाशी, करवत असते, त्या घरच्या पोराच्या हाताला चालायच्या आधी धार कळते. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आमच्याही घरी तेच होतं. पण रामला लाकडाबरोबर मातीही आवडायची, चित्रंही आवडायची. इथं त्यांच्या आयुष्यात एक शिक्षक आले. श्रीराम कृष्ण जोशी गुरुजी. त्यांनी या मुलाचा हात ओळखला, शिकवलं, आणि मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जा म्हणून पाठीशी उभे राहिले. खेड्यातल्या सुताराचा पोरगा जे. जे. मध्ये गेला आणि १९५३ साली शिल्पकलेसाठीचं मेयो पदक घेऊन बाहेर पडला. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. आजच्या पोरांना अठ्ठावीस म्हणजे उशीर झाला असं वाटतं. बघा, त्यांच्यापुढं अजून बहात्तर वर्षं होती.

पदक मिळालं म्हणजे काम मिळालं असं नसतं. पोटापाण्याला नोकरी हवी. १९५४ साली त्यांनी नोकरी धरली ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात, आणि गाव कुठलं? आपलं. तेव्हाचं औरंगाबाद. हुद्दा मॉडेलर. काम काय, तर वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांमधल्या मोडक्या, झिजलेल्या मूर्तींची डागडुजी. १९५४ ते १९५८, चार वर्षं.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. हैदराबाद संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झालेली. निजामाच्या काळात लेण्यांची देखभाल संस्थानाकडं होती, ती आता केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आलेली. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, महाराष्ट्र १९६० ला झाला. आणि वेरूळचा रस्ता? छावणी सोडली की पडेगाव, मग मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबादचा किल्ला, कागजीपुरा, खुलताबाद आणि खाली उतरलं की वेरूळ. आपल्या गेटसमोरून जो रस्ता जातो तोच. आपल्याकडं पाहुणे आले की आपण हमखास त्यांना त्याच रस्त्यानं कैलास लेणं दाखवायला नेतो. पाहुणा फोटो काढतो, आपण उसाचा रस पितो आणि परत येतो. त्या मूर्तींपुढं जगातल्या सगळ्यात उंच पुतळ्याचा शिल्पकार चार वर्षं शिकत होता, हे मला तरी पाहुण्यांना सांगायचं कधी सुचलं नव्हतं.

शिकत होता असं मी म्हणतो, दुरुस्त करत होता असं नाही. का ते सांगतो. नवी वस्तू करणं त्या मानानं सोपं असतं. मोडलेली दुरुस्त करायची तर आधी हे कळावं लागतं की पहिल्या माणसाच्या मनात काय होतं. बोट तुटलंय, मग हात कुठं वळला होता? ओठाचा कोपरा उडालाय, मग मूर्ती हसत होती की नव्हती? आणि स्वतःची हुशारी बाहेर ठेवावी लागते. जास्त सुंदर केलं तर ते चुकीचं. वेगळं दिसलं तरी चुकीचं. दुरुस्ती करणाऱ्याचं सगळ्यात मोठं कौतुक हेच की त्याचं काम कुणाच्या नजरेला येऊ नये. त्याच्या नावाची पाटी कुणी लावत नाही.

पाटीवरून आठवलं. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. राजाचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्यानं ते घडवलं त्याचं नाव? बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की ते पाहून खुद्द घडवणाराच चकित झाला, आपल्या हातून हे झालं कसं म्हणून. पण तो चकित झालेला माणूस कोण, त्याचं नाव तिथं नाही. मग आपल्या लोकांनी काय केलं? गोष्ट रचली. 'कथाकल्पतरू'त ती आहे. राजा आजारातून बरा झाला, राणीनं नवस बोलला होता की देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. कारागीर म्हणाले, याला वर्षानुवर्षं लागतील. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला आणि म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्यानं डोंगर वरून खोदायला घेतला. आधी शिखर, मग खालचं देऊळ. राणीचा उपास सुटला. गोष्टीचा खरेपणा जाऊ द्या. पण कैलास वरून खाली कोरलंय हे खरं आहे आणि घडवणाऱ्याला काही तरी नाव असावं ही लोकांची तळमळही खरी आहे.

राम सुतार अशा कोकसांच्या हाताचं काम रोज जवळून बघत होते. माझा कयास सांगतो, कारागीर म्हणून. मोठ्या मापाची भीती त्यांची तिथं गेली असावी. जे. जे. मध्ये माणसाएवढा पुतळा करायला शिकवतात. डोंगराएवढा करता येतो, हे वेरूळ शिकवतं.

१९५८ साली ते दिल्लीला गेले. माहिती आणि प्रसारण मंत्रालयात तांत्रिक सहायक. पक्की सरकारी नोकरी, आणि १९५९ साली ती सोडली. मध्यमवर्गीय माणसाला याचं वजन कळेल. पत्नी प्रमिलाताई, घरसंसार, परका मुलुख, आणि महिन्याचा पगार बंद. आपल्यापैकी कुणी असं केलं असतं तर आपण सगळ्यांनी मिळून त्याला समजावलं असतं. नोकरी सोडायची नाही बाबा, छंद रविवारी कर. त्यांनी छंद म्हणून काही केलंच नाही. तो त्यांचा धंदा होता, आणि धंदा पूर्ण वेळ करायचा असतो.

मग आलं चंबळ. मध्य प्रदेशात गांधीसागर धरण झालं. तिथं त्यांनी चंबळ नदीचा पंचेचाळीस फुटी पुतळा केला. काँक्रीटमध्ये. नदी म्हणजे आई, आणि तिच्याजवळ दोन मुलं. एक मध्य प्रदेश, एक राजस्थान. दोन्ही राज्यांना तिचंच पाणी. आता पाण्यावरून राज्यं कशी भांडतात हे आपल्याला माहीत आहे. राज्यं कशाला, टँकर आल्यावर आपले ए विंग आणि बी विंग कसे भांडायचे हे आत्ताच सांगितलं गेलं. (हशा) त्या माणसानं तिथं नदीला आई केलं आणि भांडणाऱ्यांना भावंडं केलं. नेहरूंनी ते पाहिलं, वाखाणलं आणि राम सुतार हे नाव दिल्लीत घेतलं जाऊ लागलं.

पुढची कामं मोजत बसत नाही, रात्र पुरणार नाही. संसदेच्या आवारातला ध्यानाला बसलेला गांधी, १९९३ साली बसवला, तो त्यांचा. तिथलाच छत्रपती शिवाजी महाराजांचा अठरा फुटी पुतळा, २००३ चा, तो त्यांचा. अमृतसरला महाराजा रणजितसिंह. बेंगळुरूच्या विमानतळावर केम्पेगौडा, एकशे आठ फूट. हैदराबादला डॉक्टर बाबासाहेबांचा एकशे पंचवीस फुटी पुतळा, १४ एप्रिल २०२३ ला अनावरण झालं. मालवणला राजकोट किल्ल्यावर गेल्या वर्षी जो नवा शिवपुतळा उभा राहिला, तोही त्यांच्याच कार्यशाळेतला. आणि गांधीजींचा अर्धपुतळा तर जगातल्या कितीतरी देशांत गेला. पद्मश्री १९९९, पद्मभूषण २०१६, आणि २०२४ सालचा महाराष्ट्र भूषण.

मला स्वतःला त्यांच्या गांधींचं जास्त वाटतं. कारण एकच चेहरा त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा केला. कारखान्यात आम्ही एकच पार्ट वर्षानुवर्षं करायचो, तेव्हा कंटाळा यायचा आणि कंटाळा आला की चूक व्हायची. एकच काम शंभराव्यांदा करताना पहिल्यांदा केल्यासारखं बघायचं, याला मी कारागिरी म्हणतो. बाकी हात सगळ्यांनाच असतात.

आता पाच मिनिटं माझ्या धंद्याचं बोलू द्या. इतकी वर्षं लपवलं, आज बोलतो.

धातूचा पुतळा कसा होतो? आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा. त्यावर माती. शिल्पकाराचं खरं काम ते मातीतलं. माती सुकू नये म्हणून रोज ओली फडकी गुंडाळायची, जशी आपण नव्या स्लॅबला पाणी मारतो. मातीचं काम मनासारखं झालं की त्यावरून प्लास्टर किंवा फायबरचा साचा काढायचा. साच्यात आतून मेणाचा पातळ थर द्यायचा. मेणाच्या आत गाभा भरायचा, बाहेरून पुन्हा मातीचं जाड कवच. मग भट्टीत तापवायचं. मेण वितळून वाहून जातं आणि जिथं मेण होतं तिथं पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं कांस्य ओतायचं. तांबं मुख्य, त्यात कथील, जस्त, शिसं. थंड झालं की कवच फोडायचं. मोठा पुतळा एकदम ओतत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी ओततात. तुकडे जोडायचे, वेल्डिंग करायचं, कानशीनं घासून जोड पुसून टाकायचे, शेवटी रंग चढवायचा. आपण उद्घाटनाला जातो तेव्हा फक्त पडदा सरकतो.

आणि धातू थंड होताना आकसतो. हे महत्त्वाचं. बिडाचा पार्ट मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतो, कांस्य त्याहून जास्त. म्हणून आमच्या पॅटर्न शॉपमध्ये वेगळी पट्टी असते. तिच्यावर एक सेंटिमीटर म्हणून जो लिहिलेला असतो, तो खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. आम्ही पॅटर्न मोठाच करतो, कारण पुढं तो लहान होणार हे आधीच धरलेलं असतं. नवीन पोरगं आलं की पहिले आठ दिवस त्याला ही पट्टी चुकीची वाटते.

आता केवडियाचा हिशेब करा. पुतळा १८२ मीटर. आपली बिल्डिंग तळमजला अधिक तीन, म्हणजे धरा बारा मीटर. अशा पंधरा बिल्डिंगा एकावर एक ठेवल्या तरी सरदारांचं डोकं वरच राहतं. सुतारांनी आधी तीन फुटी नमुना केला, मग अठरा फुटी, मग तीस फुटी. तीन फुटांपासून १८२ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशेपट. लहान नमुन्यात ओठाजवळ एक मिलिमीटर चुकला, तर वर जाऊन ती चूक वीस सेंटिमीटरची होते. वीतभर चूक, तीही सरदार पटेलांच्या ओठावर. शिवाय खालून मान वर करून पाहणाऱ्याला डोकं लहान दिसतं, त्याचाही विचार आधीच करावा लागतो. कांस्याचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत ओतले, कारण काम अवाढव्य होतं. पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ ला उभा राहिला तेव्हा राम सुतार त्र्याण्णव वर्षांचे होते. मी साठाव्या वर्षी रिटायर झालो आणि कंबर दुखते म्हणून सोसायटीच्या जिन्याला रेलिंग मागितलं.

एवढं मोठं काम एका माणसाचं नसतं. इंजिनिअर होते, कंपन्या होत्या, हजारो मजूर होते. आणि घरात त्यांचे चिरंजीव अनिल होते. अनिल सुतार वास्तुशास्त्र शिकले, आणि शिकून वडिलांच्या कामात आले. हैदराबादच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला शिल्पकार म्हणून दोघांचीही नावं आहेत, बापाचं आणि लेकाचं. नोएडाला घर आणि स्टुडिओ, साहिबाबादला ओतशाळा. गोंदूरच्या घरात बापाचं हत्यार लेकाच्या हातात गेलं होतं. दिल्लीतही गेलं. शिक्षण मध्ये आलं, पण आड आलं नाही. ही गोष्ट मला पुतळ्यापेक्षा मोठी वाटते, आणि इथंच माझी चूक सांगायची आहे.

आमच्याकडं असं झालं नाही.

२००४ साली आई गेल्यावर मी अप्पांना गावाकडून इथं आणलं. येताना त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. वाकस, रंधे दोन, पटाश्या, गिरमिट, गुण्या. माझी बायको म्हणाली, ठेवू बाल्कनीत. मी म्हणालो, माळ्यावर ठेव. त्या वर्षी पावसाळ्यात आपल्या मीटिंग हॉलचा दरवाजा फुगला. तुम्हाला माहीत आहे तो दरवाजा. अप्पांनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर अप्पा हॉलच्या पायरीवर बसलेले, धोतर खोचलेलं, मांडीवर पेन्सिल, आणि दरवाजाच्या कडेला खुणा करत होते. दोन-तीन सभासद येता-जाता बघत होते. कुणी काही वाईट बोललं नव्हतं. पण मला कसंतरी झालं. मी म्हणालो, "अप्पा, चला घरी. हे तुमचं काम नाही. कमिटी माणूस बोलावेल." ते म्हणाले, "अरे, आत्ता तासत नाही मी. ओला असताना खूण करायची, सुकल्यावर तासायचा. आत्ता तासला तर उन्हाळ्यात फट पडंल." मी ऐकलं नाही. दंडाला धरून वर नेलं. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी या सोसायटीत कशालाच हात लावला नाही.

कमिटीनं माणूस आणला. त्यानं भर पावसात दरवाजा तासला. उन्हाळ्यात फट पडली, फटीला पट्टी मारली, पुढच्या पावसाळ्यात पट्टीसकट दरवाजा अडला. आज बावीस वर्षं तुम्ही सगळे तो दरवाजा जून ते सप्टेंबर खांद्यानं ढकलता. आता तुम्हाला कळलं, का ढकलता ते.

अप्पा २००९ ला गेले. पेटी मी चुलत भावाला देऊन टाकली. माझ्या मुलाला मी लहानपणी हत्याराला हात लावू दिला नाही. हात कापेल म्हणायचो. खरं कारण ते नव्हतं. आज तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, चांगलं कमावतो, माझी तक्रार नाही. पण भिंतीत साधा खिळा ठोकायला त्याला ॲपवरून माणूस बोलवावा लागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो माझा आहे.

राम सुतारांच्या बातमीनंतर मी माळा साफ केला. कोपऱ्यात एक रंधा सापडला. पेटी देताना राहून गेलेला. मूठ गुळगुळीत, अप्पांच्या तळव्यानं झिजलेली. माझा नातू दहावीला आहे. सुट्टीत आला होता. त्यानं विचारलं, आजोबा हे काय? मी त्याला पाट्यावर पातं घासायला शिकवलं. दोन तास बसला. जाताना म्हणाला, मला डिप्लोमा करायचाय, मशीनवर काम करायचंय. घरात एकदम शांतता. सून माझ्याकडं बघतेय, मुलगा माझ्याकडं बघतोय. सगळ्यांना वाटलं मी आता समजावणार. मी एवढंच म्हणालो, "त्याला ठरवू द्या." पुढं काय होईल ते होवो. तो काही राम सुतार होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण जो रकाना भरताना माझा हात अडला, तो भरताना त्याचा अडू नये.

आता शेवटचं आणि कामाचं.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. टेरेस गळतंय, ड्रेनेजचे पाईप बदलायचे आहेत, बी विंगच्या कॉलमला तडे आहेत. येत्या वर्षात गवंडी येतील, प्लंबर येतील, सेंट्रिंगवाले येतील, सुतार येतील. माझी कमिटीला हात जोडून विनंती आहे. त्यांना पाणी माठातलं द्या, टाकीच्या नळाचं नको. जेवायला जिन्याखाली नको, हॉल उघडून द्या. आणि काम झालं की कमिटीच्या नावांच्या पाटीवर खाली एक ओळ वाढवा, दुरुस्ती कुणी केली त्यांची नावं. ज्या गवंडी मामांनी २००१ साली आपल्या पायाची पहिली वीट ठेवली, त्यांचं नाव आज आपल्यापैकी कुणालाच आठवत नाही. मी गेल्या महिन्यात दहा जणांना विचारलं. बिल्डरचं नाव दहाही जणांनी सांगितलं. कैलास लेण्याच्या बाबतीत बाराशे वर्षांपूर्वी जे झालं, ते आपण पंचवीस वर्षांत करून दाखवलं.

आणि दरवाज्याचं. मागच्या ऑगस्टमध्ये, पाऊस भरात असताना, संध्याकाळी हॉल रिकामा बघून मी दरवाज्यावर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत. रंग देताना कृपया त्या पुसू नका. एप्रिलमध्ये लाकूड पूर्ण सुकेल. तेव्हा नातवाच्या परीक्षा संपलेल्या असतील. आम्ही दोघं मिळून तासू. सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी.

सचिव साहेब, आज सकाळी मी तुमच्याकडं एक अर्ज दिला आहे. तुम्ही विचारलं, काका, काय तक्रार आहे? तक्रार नाही. सभासद नोंदवहीत माझ्या नावापुढं एक दुरुस्ती करायची आहे. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' खोडा. तिथं लिहा, सुतार.

सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. चला, जेवायला चला.

जय हिंद, जय महाराष्ट्र.